नडगीचं हाड उघडं पडलंय: ड्रेसिंग किती दिवस, फ्लॅप कधी?

अस्थिमित्र (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. तुटलेल्या हाडात नेल (आतली सळई) की वरून प्लेट यावर इथे ढीगभर धागे निघाले, पण त्या नेलवर कातडी कुठून आणायची यावर कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

प्रसंग नेहमीचाच. दुचाकीचा अपघात, टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, खालच्या तिसऱ्या भागात तुटलेलं, समोरून ८ बाय ५ सेंटिमीटर कातडी गेलेली, तळाशी हाड पांढरं चकचकीत, वरचं पेरिऑस्टियम (हाडाचं रक्तवाहिन्यांचं आवरण) खरवडून निघालेलं. उघड्या फ्रॅक्चरच्या गस्टिलो-अँडरसन प्रतवारीत ३-बी, म्हणजे हाड झाकायला मांस-कातडी उरलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी जखम धुऊन एक्स्टर्नल फिक्सेटर (बाहेरून पिना-रॉडची चौकट) लागतो. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणते, रोज ड्रेसिंग करा, लाल मांस भरू द्या, तीन आठवड्यांनी मांडीची कातडी लावू. दुसरी म्हणते, दोन दिवसांत प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवा.

माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. पण पाठवण्याआधी तालुक्यात नेमकं काय करावं आणि काय अजिबात करू नये, हे फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट हलवलेली कातडी किंवा स्नायू) करणाऱ्यांकडून ऐकायचंय.

टाकेवाला (सोमवार, रात्री ९:४०)

धागा वेळेवर आला.

स्किन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेली पातळ कातडी, हे मुळं तोडून लावलेलं रोप. पहिले दोन दिवस ते खालच्या पाझरावर जगतं, मग त्याच्या केशवाहिन्या खालच्यांना जुळतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रक्त फिरू लागतं. खाली रक्त असलेली जमीन हवी. स्नायूवर ग्राफ्ट धरतो, फॅशियावर (स्नायूवरचा पांढरा पडदा) धरतो, पेरिऑस्टियम शाबूत असलेल्या हाडावर आणि पॅराटेनॉन (टेंडनचं, म्हणजे स्नायूच्या दोरीचं, आवरण) शाबूत असलेल्या टेंडनवरसुद्धा धरतो. पेरिऑस्टियम गेलेल्या हाडावर धरत नाही. फ्लॅप मात्र स्वतःचा रक्तपुरवठा घेऊनच येतो, त्याला खालच्या जमिनीचे उपकार नकोत. ‘ग्राफ्ट की फ्लॅप’ हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तळाशी काय आहे, यावर तो आपोआप सुटतो.

नडगीची खोड अशी की आतल्या-पुढच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये काहीच नाही. पलंगाचा पाय लागला की ब्रह्मांड आठवतं ते त्यामुळेच.

वेळेचं म्हणाल तर लुब्लियानाच्या मार्को गोडिनाचा १९८६ चा लेख अजून आधाराला घेतात. ५३२ रुग्ण. ७२ तासांच्या आत फ्री फ्लॅप (लांबून आणून वाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडलेला) केला तर फ्लॅप मरण्याचं प्रमाण ०.७५ टक्के, संसर्ग १.५ टक्के. ७२ तास ते ३ महिने या मधल्या काळात तेच १२ आणि १७.५ टक्के. ३ महिन्यांनंतर ९.५ आणि ६. म्हणजे ‘तीन आठवडे वाट बघू’ म्हणणारे नेमका सगळ्यात वाईट मुहूर्त काढतात.

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, रात्री १०:०५)

गोडिना बरोबर, पण एक सांगा भाऊ, ७२ तासांत फ्लॅप करणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात बसला आहे काय? हाडाच्या बाहेरच्या कॉर्टेक्सला (कडक थराला) सेंटिमीटर-सेंटिमीटरवर ड्रिलने भोकं पाडायची, आतून ग्रॅन्युलेशन (तेच लाल मांस) वर येतं, त्यावर ग्राफ्ट. जुन्या लोकांनी असे कितीतरी पाय झाकले. सगळंच टाकाऊ कसं म्हणायचं?

आणि गोडिनाच्या काळात व्हॅक नव्हता, हेही लक्षात घ्या.

शंकासुर (सोमवार, रात्री १०:११)

मी वैद्यकीय नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. व्हॅक म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर का?

टाकेवाला (सोमवार, रात्री १०:३८)

@शंकासुर, चुलतभाऊ म्हणा. जखमेत फोम, वरून हवाबंद फिल्म, आणि यंत्राने उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याची ओढ. पाझर निघतो, सूज उतरते, कडा जवळ येतात. अर्जेंटा आणि मोरिकवास यांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली.

@वऱ्हाडी_ठेचा, भोकांची युक्ती टाकाऊ नाही, पण तिची किंमत मोजून घ्या. भोकांतून मांस येऊन एकमेकांना मिळायला आठवडे जातात. तोवर उघडं हाड वाळतं, आणि वाळलं की वरचा थर मरतो. मेलेल्या हाडावर जंतू चिकटले की ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडातला संसर्ग. सगळं सुरळीत झालं तरी वरची कातडी कागदासारखी पातळ आणि हाडाला चिकटलेली. त्याच जागी पुढे नेल घालायला, बोन ग्राफ्ट करायला परत शिरायचं असेल तर ती उघडून पुन्हा शिवता येत नाही. फ्रॅक्चर नसेल, उघडं हाड नाण्याएवढंच असेल आणि रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेला झेपणारा नसेल, तर भोकं पाडा, माझी हरकत नाही. ३-बी फ्रॅक्चरवर नको.

व्हॅकचं दुसरं दुखणं म्हणजे तो लावला की सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. तो पूल आहे, गाव नाही. डिब्राइडमेंट (घाण आणि मेलेलं कापून काढणं) पूर्ण झाल्यावर फ्लॅपच्या तारखेपर्यंत लावायचा, ४८ ते ७२ तासांनी बदलायचा, आणि आठवड्याच्या पुढे ओढायचा नाही. उघड्या धमनीवर फोम थेट ठेवायचा नाही.

वॉर्ड_नं_सात (सोमवार, रात्री ११:०२)

व्हॅकबद्दल सिस्टरच्या बाजूने. भिंतीच्या सक्शनला साधा फोम आणि चिकट फिल्म लावून जुगाड करतात, चालतोही. पण फिल्मची कडा फिक्सेटरच्या पिनपाशी उचलली जाते आणि हवा शिरते. सक्शन चालू, आवाज चालू, ओढ शून्य. फोम खाली दबून कडक न राहता फुगलेला आणि मऊ लागला तर ओढ गेलीय असं समजा. ओढ नसलेला फोम म्हणजे जखमेवर ठेवलेला ओला स्पंज, दोन तासांच्या वर तसा ठेवायचा नाही, काढून सलाईनचं साधं ड्रेसिंग करायचं. पिनभोवती आधी चिकट पेस्टची वळी लावली की गळती बरीच थांबते.

जुने_खोड (मंगळवार, सकाळी ६:२०)

सर्व प्रतिसाद वाचले. फ्लॅपवर उड्या मारण्याआधी डिब्राइडमेंटचं कोणी नीट लिहिलेलं नाही. खाली घाण ठेवून वर कितीही सुंदर फ्लॅप लावा, तो पू झाकणारा गालिचा.

स्नायू जिवंत की मेलेला हे चार गोष्टींवरून ठरतं: रंग, घट्टपणा, चिमट्याने डिवचल्यावर आकसतो का, आणि कापल्यावर रक्त येतं का. रंग सर्वांत फसवा. तुकड्यातुकड्यांच्या हाडाला चिमट्याने हलकं ओढून बघा, अलगद हातात आलं तर ते मेलेलं, टाकून द्या. दया दाखवू नका. कातडीची कडा टवटवीत लाल रक्त येईपर्यंत दोन-दोन मिलिमीटर कापा. टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) फुगवून साफसफाई केली असेल तर शेवटी सोडून परत एकदा बघितल्याशिवाय जखम झाकू नका.

धुण्यासाठी ३-बीला परंपरेने ९ लिटर सलाईन. जोराच्या फवाऱ्याची गरज नाही, बाटली उंच टांगून मोठ्या नळीने सोडलं तरी भागतं. २०१५ च्या ‘फ्लो’ चाचणीत जवळपास अडीच हजार रुग्ण होते. दाबाने फरक पडला नाही, आणि साबणाच्या पाण्यापेक्षा साधं सलाईन सरस ठरलं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून नातेवाईक खूश होतात, जिवंत पेशी होत नाहीत.

सूक्ष्मदर्शी (मंगळवार, सकाळी ८:१५)

खोडकाकांना दंडवत. जखम वाढवायची तर कशीही उभी-आडवी फाडू नका, एवढं जोडतो. फॅशिओटॉमीच्या (सुजलेल्या पायाची फॅशिया उघडण्याच्या) रेषांतच वाढवा. आतल्या बाजूची रेषा टिबियाच्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर मागे, बाहेरची टिबियाच्या पुढच्या कडेपासून दोन सेंटिमीटर बाहेर. कारण पोस्टीरियर टिबियल धमनीचे पर्फोरेटर (कातडीला रक्त देणाऱ्या फांद्या) आतल्या घोट्यापासून ढोबळमानाने ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर वर येतात. आतली रेषा तीन-चार सेंटिमीटर मागे गेली की तेच कापले जातात. मग प्रोपेलर (पर्फोरेटरवर पंख्यासारखा फिरवायचा फ्लॅप) गेला, शेजारचा फॅशिओक्युटेनियस (कातडी-फॅशियाचा) फ्लॅपही गेला, आणि सोप्या पायाचा अवघड पाय झाला.

टाकेवाला (मंगळवार, दुपारी २:५०)

ओटी दोन केसांच्या मध्ये मोकळी आहे तोवर, कुठल्या भागाला कोणता फ्लॅप ते लिहून टाकतो.

वरचा तिसरा भाग आणि गुडघा: गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा वरचा स्नायू), बहुतेक वेळा आतलं डोकं, कारण ते लांब आणि मोठं. एकच मोठी धमनी, मीडियल सुरल, गुडघ्याच्या मागे पॉप्लिटियलमधून निघते. म्हणजे घडी कुठे फिरणार ते पक्कं. गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियसमधली फट शोधताना प्लांटारिसची बारीक दोरी दिसली की जागा बरोबर. मधल्या शिवणीवर सुरल नर्व्ह आणि शॉर्ट सॅफिनस शीर असते, ती सांभाळायची. स्नायू फिरवल्यावर पुरत नसेल तर खालच्या पृष्ठावरच्या पांढऱ्या फॅशियाला आडव्या चिरा द्या, दोन-तीन सेंटिमीटर सहज मिळतात. वरून ग्राफ्ट. बाहेरचं डोकं वापरलंत तर फिब्युलाच्या मानेपाशी कॉमन पेरोनियल नर्व्ह आहे. ती दुखावली की पाऊल लोंबतं.

मधला भाग: सोलियस (गॅस्ट्रोक्नेमियसच्या खालचा). चांगला स्नायू, पण तो टिबियाला चिकटूनच असतो, म्हणून हाड जिथे चुरलंय तिथे तोही चेंगरलेला असतो. उघडल्यावर काळपट आणि मऊ दिसला तर हट्ट सोडा.

खालचा भाग: तिथे फिरवायला स्नायूच उरत नाही, सगळी टेंडनं. म्हणून अस्थिमित्र यांचा प्रश्न सगळ्यात कठीण जागेचा आहे. पर्याय तीन: पर्फोरेटरवरचा प्रोपेलर, उलटा सुरल फ्लॅप, आणि फ्री फ्लॅप. ८ बाय ५ ला, आजूबाजूची कातडी चेंगरलेली असेल तर, माझी पसंती फ्री फ्लॅपला.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, दुपारी ३:३०)

आणि मायक्रोस्कोप नसला त?

टाकेवाला (मंगळवार, सायंकाळी ७:१०)

तर उलटा सुरल. मास्केले यांनी १९९२ मध्ये मांडलेला, मायक्रोस्कोप न लागणारा. बिघडतो तो हमखास आखणीत, म्हणून सविस्तर.

रुग्ण पालथा किंवा कुशीवर. गुडघ्यामागच्या खळग्याच्या मध्यापासून अकिलीस टेंडन आणि बाहेरचा घोटा यांच्या मधल्या बिंदूपर्यंत सरळ रेष. सुरल नर्व्ह आणि शॉर्ट सॅफिनस शीर साधारण या रेषेवर. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून ५ सेंटिमीटर वर फिरण्याचा बिंदू, त्याच्या खाली कापायचं नाही. पेरोनियल धमनीचा पर्फोरेटर तिथून येतो, हातातल्या डॉप्लरने (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) ऐकून जागा पक्की करा.

आता हातमोज्याच्या पाकिटाचा कागद घ्या. जखमेवर ठेवून आकार काढा, चहूबाजूंनी एक सेंटिमीटर वाढवून कापा. गॉजची पट्टी फिरण्याच्या बिंदूवर बोटाने दाबून धरा, जखमेच्या लांबच्या कडेपर्यंत ताणा, आणि तीच पट्टी तशीच पोटरीवर फिरवा. जिथे पोचते तिथे कागद ठेवून आखा. पट्टी ओढून-ताणून पुरवली असेल तर फ्लॅपही ओढाताणीतच बसेल. पोटरीच्या वरच्या तिसऱ्या भागात आखणी जाऊ लागली की टोक मरण्याचा धोका वाढतो.

वरून सुरू करा. शीर आणि नर्व्ह बांधून कापा आणि दोन्ही फ्लॅपमध्येच ठेवा. फॅशियाच्या खालून उचला, फॅशिया कातडीला चार-पाच टाक्यांनी अडकवा म्हणजे थर सुटत नाहीत. देठ ३ ते ४ सेंटिमीटर रुंद, चरबी आणि फॅशियासकट, वर कातडीची अरुंद जीभ ठेवलीत तर आणखी छान. देठाला पीळ पडू देऊ नका. आणि बोगद्यातून ओढू नका! मधली कातडी सरळ उघडा, देठ त्यात निजवा, वरून ग्राफ्ट टाका. सूज आली की बोगदा शिरेचा गळा दाबतो. धमनी टिकते, शीर दबते, दुसऱ्या दिवशी टोक जांभळं.

मधुमेह, बिडी-सिगारेट, पायाच्या फुगलेल्या शिरा यांपैकी काही असेल तर दोन टप्प्यांत करा. आज तिन्ही बाजू कापून, उचलून परत तिथेच शिवा, आणि आठ-दहा दिवसांनी फिरवा. तेवढ्यात देठाच्या वाहिन्या मोठ्या होतात. पावलाची बाहेरची कड बधिर राहणार, हे आधीच सांगून संमतीपत्रात लिहा.

शंकासुर (मंगळवार, रात्री ८:०२)

हातमोज्याच्या पाकिटाचा कागद! शिंपी आणि सर्जन यांच्यात फरक काय मग?

जुने_खोड (मंगळवार, रात्री ८:४५)

@शंकासुर, शिंप्याला परत कापड मिळतं.

अवांतर: कागदाची ही युक्ती पुण्याची आहे म्हटलं तर चुकणार नाही. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी फिरवून नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा आधी नाकाच्या जागी बसवून बघितला, मग सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधला देठ तसाच ठेवून. आखणी, देठ, फिरवणं, सगळं आलं. ते पत्र वाचून युरोपात हा प्रकार पुन्हा सुरू झाला.

मूळ विषयाकडे. मायक्रोस्कोप नाही, पोटरीही फाटलेली, तर अजून एक म्हातारा उपाय आहे: क्रॉस-लेग. चांगल्या पायाच्या पोटरीची कातडी देठासकट उचलून जखमी पायावर शिवायची आणि दोन्ही पाय एक्स्टर्नल फिक्सेटरने एकमेकांना जखडायचे, तीन आठवडे. कापण्याआधी देठाला मऊ क्लॅम्प लावून बघायचा, फ्लॅप गुलाबी राहिला तर कापा, नाहीतर आणखी चार दिवस. तीन आठवडे अंथरुणाला खिळायचं म्हणजे पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि आखडलेले गुडघे. पन्नाशीपुढच्या माणसाला शक्यतो नकोच.

भूलभुलैया (बुधवार, सकाळी ७:३०)

फ्री फ्लॅपच्या भुलीबद्दल दोन शब्द. सहा-आठ तास चालतं. रुग्ण गार पडला की वाहिन्या आकसतात, म्हणून एसी बंद, सलाईन कोमट, अंगावर गरम हवेची चादर. सर्जन घामाघूम झाले तर होऊ देत. लघवी तासाला किलोमागे अर्धा ते एक मिलिलिटर. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) तीसच्या आसपास ठीक, हिमोग्लोबिन चौदावर नेण्यासाठी रक्त चढवत बसू नका, दाट रक्त बारीक वाहिनीत वाईट.

‘नॉरअॅड्रेनॅलिन (बीपी चढवणारं औषध) दिलं की फ्लॅप मेला’ ही समजूत आता सोडायला हवी. बीपी पडू देऊन लिटरच्या लिटर सलाईन ओतलं तर फ्लॅप सुजतो, ते जास्त घातक. एपिड्युरल (पाठीतल्या नळीतून दिलेली भूल) वाहिन्या सैल ठेवतं आणि दुखणंही कमी करतं, पण ताज्या फ्रॅक्चरमध्ये कंपार्टमेंट सिंड्रोमचं (बंद कप्प्यातल्या सुजेने स्नायू गुदमरण्याचं) दुखणंही झाकतं. तिथे हाड-सर्जनशी बोलूनच.

सूक्ष्मदर्शी (बुधवार, सकाळी ९:०५)

@भूलभुलैया +१, एसीबद्दल सोडून. :)

फ्री फ्लॅपमध्ये मांडीचा एएलटी (पुढच्या-बाहेरच्या बाजूचा कातडीचा फ्लॅप) सध्या सगळ्यांचा लाडका. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेष, तिचा मध्य, आणि त्याभोवती ३ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. पर्फोरेटर बहुतेकदा त्यातच, तोही बाहेरच्या-खालच्या चतकोरात जास्त. मोठी खोल पोकळी असेल तर लॅटिसिमस (पाठीचा स्नायू), मध्यमला ग्रॅसिलिस (मांडीच्या आतला).

जोड कुठे द्यायचा, तर इजेच्या टापूच्या बाहेर. टापू क्ष-किरणात दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. शीर आजूबाजूला चिकटलेली आणि भिंत जाड लागली की अजून वर सरका. धमनी कापल्यावर रक्त टेबलापलीकडे उडालं पाहिजे, नुसतं ओघळलं तर तिथे जोडू नका. पावलाला एकच धमनी उरली असेल तर तिच्या बाजूला भोक पाडून जोड, टोकाला टोक नाही. शिरा शक्यतो दोन. टाके धमनीला ८-० किंवा ९-०.

वॉर्ड_नं_सात (बुधवार, दुपारी १:२०)

मग सर्जन घरी जातात आणि फ्लॅप आमच्या ताब्यात येतो. :)

पहिले २४ तास दर तासाला, पुढचे २४ दर दोन तासांनी. बहुतेक घोटाळे याच ४८ तासांत होतात. बघायचं ते रोज एकाच पांढऱ्या टॉर्चने, पिवळ्या दिव्याखाली सगळेच फ्लॅप निरोगी दिसतात.

फिकट, गार, सपाट पडलेला, दाबल्यावर रंग परत येत नाही: धमनी बंद. जांभळट, फुगलेला, दाबून सोडताच क्षणार्धात रंग परत: शीर बंद. हे दुसरं चटकन फसवतं, कारण ‘रिफिल छान आहे’ असं चार्टवर लिहिलं जातं. रिफिल दोन-तीन सेकंदांचा हवा, झटपट आला तर तीही तक्रारच. शंका असेल तर २४ नंबरची सुई कडेला, देठापासून लांब टोचायची. दोन-तीन सेकंदांत लाल थेंब आला तर ठीक. काहीच नाही तर धमनी. काळं रक्त भळभळलं तर शीर. डॉप्लर कुठे लावायचा तिथे सर्जनने एक निळा टाका घालून ठेवला तर रात्रपाळीला देवच भेटला.

फोन करताना ‘फ्लॅप बरा वाटत नाही’ नको. ‘दोन वाजता गुलाबी होता, तीन वाजता जांभळा, रिफिल एक सेकंद, ड्रेनमध्ये इतकं’ असं सांगायचं. आणि सर्जन येईपर्यंत घट्ट पट्टी कापायची, पायाची उशी बघायची, पाय वळून देठ दबत नाही ना ते बघायचं. टाच गादीवर टेकलेली नको, फिक्सेटरच्या रॉडला स्टँड करून पाय अधांतरी ठेवला की उलट्या सुरलचे अर्धे प्रश्न मिटतात.

शंकासुर (बुधवार, दुपारी १:३४)

वाचनखूण साठवली. एक खराखुरा प्रश्न: एवढं सगळं करण्यापेक्षा पाय कापून जयपूर फूट लावला तर? चेष्टा नाही करत.

अस्थिमित्र (बुधवार, रात्री ९:२५)

प्रश्न रास्त आहे, चेष्टेचा नाहीच. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा २००६ साली प्रसिद्ध झालेला स्कोअर इथे उपयोगी, खास ३-ए (हाड झाकायला मांस पुरतं ते) आणि ३-बी साठी बनवलेला. कातडी, हाड, स्नायू-टेंडन-नर्व्ह यांना वेगवेगळे गुण, वर रुग्णाच्या बाकी स्थितीचे. १४ पर्यंत पाय वाचवा, १७ आणि पुढे कापण्याकडे कल, १५-१६ वर अनुभवी माणसांनी एकत्र बसून ठरवा. तळपाय बधिर आहे एवढ्यावरून पाय कापू नये. सुरुवातीचा बधिरपणा पुष्कळदा परत फिरतो.

अमेरिकेतल्या लीप अभ्यासात, २००२ साली छापलेल्या, दोन वर्षांनी वाचवलेला पाय आणि कापलेला पाय यांच्या कामकाजात ठळक फरक दिसला नाही. पण वाचवलेल्यांच्या शस्त्रक्रिया जास्त झाल्या. आपल्याकडे जमिनीवर बसणं, शेतातली ढेकळं, आणि कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलायचा खर्च हे वजनात धरावं लागतं. आणि कापायचाच झाला तर गुडघा वाचवण्यासाठीसुद्धा फ्लॅप लागतोच कधीकधी. गुडघ्याखाली १२-१५ सेंटिमीटर हाड मिळालं तर चाल खूपच सुधारते.

चालता_बोलता (गुरुवार, सकाळी ७:५०)

फिजिओकडून. फ्लॅप जगला आणि घोटा खाली वाकून आखडला, हे दृश्य फार वेळा दिसतं. पहिल्या दिवसापासून घोटा ९० अंशात हवा. फिक्सेटर आहेच, त्याला पावलाच्या हाडात एक पिन जोडली तर स्प्लिंटसुद्धा लागत नाही.

पाय खाली सोडणं सर्जनच्या परवानगीने, फ्री फ्लॅपनंतर साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी. क्रेप बँडेज बांधून पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. वर घेतल्यावर रंग दोन-तीन मिनिटांत पूर्ववत झाला तर उद्या दहा मिनिटं. जांभळाच राहिला तर एक दिवस मागे. नातेवाईकांना तेल चोळायची घाई असते. ग्राफ्टवर खोबरेल चालेल, पण पूर्ण भरल्यावर, आणि चोळून नाही, टेकवून.

वऱ्हाडी_ठेचा (गुरुवार, सकाळी १०:४०)

बरं, पटलं. ड्रिलचं मशीन ठेवतो खाली. पण ग्राफ्ट तर आम्हीच लावतो, त्यात काय चुकतं तेही सांगून टाका.

टाकेवाला (गुरुवार, दुपारी ४:१५)

ग्राफ्ट मरतो तो मुख्यतः खाली रक्त साचल्याने, मग सरकल्याने, मग जंतूंनी. हंबी चाकूची (ग्राफ्ट काढायच्या चाकूची) फट अशी ठेवा की १५ नंबरच्या ब्लेडची धार जेमतेम आत जाईल. मांडीला पॅराफिन लावा, मदतनिसाने फळीने कातडी ताणून धरायची, चाकू करवतीसारखा पुढे-मागे, दाब कमी. चाकूखालची कातडी अर्धपारदर्शक दिसायला हवी. चरबीचे पिवळे ठिपके दिसले तर खोल गेलात. मेश (जाळी पाडून ताणणं) दीडपट. मेशर नसेल तर ब्लेडने चिरा द्या, पाझराला वाट मिळते. पहिलं ड्रेसिंग पाचव्या दिवशी, गॉज सलाईनने भिजवून, सोलून काढल्यासारखं नव्हे. आणि स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस आला तर ग्राफ्ट लावूच नका, रातोरात विरघळवतो.

वॉर्ड_नं_सात (गुरुवार, सायंकाळी ५:००)

ग्राफ्ट काढलेल्या मांडीचं ड्रेसिंग मात्र १०-१४ दिवस उघडू नका. वरचे ओले थर बदला, आतला चिकटलेला राहू द्या, तो आपला आपण सुटतो. रुग्ण जखमेपेक्षा मांडीच्या दुखण्याने जास्त ओरडतो, तेव्हा ओढून काढायचा मोह होतो.

अस्थिमित्र (गुरुवार, रात्री ९:५०)

सगळ्यांचे आभार. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे: पाठवण्याआधी तालुक्यात काय? आणि माझा फिक्सेटर तुमच्या वाटेत कुठे येतो?

सूक्ष्मदर्शी (गुरुवार, रात्री १०:३०)

आल्याच्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक, टिटॅनस, जखमेचा एक फोटो, वरून सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज आणि फिल्म, स्प्लिंट. मग प्रत्येक येणाऱ्याने पट्टी सोडून बघायची नाही, फोटो दाखवायचा. शेण, गटार, शेतातली माती असेल तर डिब्राइडमेंट लगेच, नाहीतर जोराच्या अपघातात १२ तासांच्या आत. जमणार नसेल तर अर्धवट करू नका, तसंच पाठवा. कडा ताणून शिवू नका, ताणलेली कातडी दोन दिवसांत काळी पडते आणि ८ बाय ५ ची जखम १२ बाय ८ होते.

फिक्सेटर: पिना जखमेपासून आणि फ्लॅपच्या वाटेपासून लांब, रॉड कातडीपासून दोन-तीन बोटं उंच. आतल्या बाजूला रॉडचं जाळं नको, पोस्टीरियर टिबियल धमनीपाशी आम्हाला दोन हात आणि मायक्रोस्कोप घालायचाय. आणि ७२ तासांचं घड्याळ अपघातापासून चालतं, रेफरच्या चिठ्ठीपासून नाही. चिठ्ठीत अपघाताची वेळ, पावलाची नाडी, कोणती नर्व्ह चालते, काय काढून टाकलं, कोणतं औषध किती वाजता.

वॉर्ड_नं_सात (गुरुवार, रात्री १०:४४)

टिटॅनस दिल्याची नोंदही. नाहीतर ते तीन ठिकाणी तीनदा दिलं जातं. आणि महात्मा फुले योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्र रुग्णाबरोबरच पाठवा. आरोग्यमित्र विचारतो तेव्हा कागद गावी असतात आणि फ्लॅपचे दोन दिवस त्यातच जातात.